वेळेआधी

चर्चमधल्या मिस्सेत, रविवारच्या उपासनेत, फादर ‘एकमेकांना शांती द्या’ म्हणाले, की सगळे शेजारच्याचा हात हातात घेत. सुतार मात्र डावीकडच्या बाकावर आणि त्याचा धाकटा भाऊ उजवीकडच्या. मधली वाट दोघांपैकी कुणीही सहा वर्षांत ओलांडली नव्हती. आज ओलांडायचीच, असं सुतारानं ठरवलं होतं. धाकटा उद्या लेकीकडे कायमचा राहायला निघणार होता.

प्रवचन सुरू झालं. रंगीत काचांतून निळा उजेड वाटेवर सांडला आणि बघता बघता तिची नदी झाली. सुतार हळूच पाण्यात उतरला. इतकी वर्षं जिला घाबरलो, ती जेमतेम घोट्याएवढी! पलीकडे धाकटा बसला होता. सुतारानं त्याचा हात धरला. “तुला शांती असो, बाळ्या.”

एकदम सगळं चिडीचूप झालं. मागून कुणीतरी खुदकन हसलं. सुताराचे डोळे उघडले. तो खरोखरच वाट ओलांडून उभा होता आणि फादर वाक्य अर्धवट टाकून त्याच्याकडे बघत होते.

“दादा, प्रवचन चाललंय अजून,” धाकटा कुजबुजला. “शांती नंतर असते. झोपलास की काय?”

“डोळा लागला रे.” सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मागे वळला. पण धाकटा हात सोडेना.

“आता कुठं निघालास?” धाकटा बाकावर जरा सरकला. “बस इथंच. बाकीच्यांची वेळ झाली, की आपण पुन्हा देऊ.”