खुर्चीची उंची

"दीड वर्ष झालं, त्या लंबूनं मैदानात पाय ठेवलेला नाही, आणि हा मॅनेजर म्हणतो धीर धरा!" बस ड्रायव्हर एवढ्या तावातावाने बोलला की सलूनवाल्याला त्याच्या गालावरचा वस्तरा उचलून हवेत धरावा लागला. "अहो, बास्केटबॉलचा संघ बांधतोय की धरण?"

"बोलताना मान हलवू नका," सलूनवाला म्हणाला. "कान जाईल."

रविवारी दुपारी टीव्हीवर मॅच असली की सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. मास्तरांच्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, तरी तेही बाकावर येऊन बसायचे. आज संघ सपाटून मार खात होता. दोन वर्षांपूर्वी मॅनेजरने नावाजलेले सगळे खेळाडू सोडून दिले होते, कोवळी पोरं गोळा केली होती आणि मधली जागा लंबूसाठी राखली होती. लंबूचा गुडघा गेला. जागा तशीच राहिली.

"नवी पोरं आहेत, वेळ लागणारच," सलूनवाला म्हणाला. वर्षभर तो एकटाच मॅनेजरची बाजू घेत आला होता. "घाईघाईत बाहेरचा कुणी आणून उभा केला की झालं का? लंबूचा गुडघा बरा होऊ दे, मग बघा."

"आणि नाही झाला तर?"

"होतो. वेळ लागतो."

बाकावरचा एक माणूस घड्याळ बघून उठला आणि दाढी न करताच निघून गेला. सकाळपासून असे बरेच गेले होते. सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या. पण दुसरीवर कुणी बसत नसे. तिथे सलूनवाल्याचा मुलगा काम करायचा. तो बापापेक्षा चांगला हातभर उंच, म्हणून त्याची खुर्चीही उंच लागायची. खुर्ची जुनी झाली होती, रात्रभरात आपोआप खाली बसायची. बाप रोज सकाळी पायाने दांडा मारमारून ती मुलाच्या उंचीला आणायचा, पुसायचा आणि तिच्या हातावर धुतलेला टॉवेल टाकायचा. मग दिवसभर एकटा राबायचा.

मुलगा बाकाच्या टोकाला बसून मॅच बघत होता. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा. वर्षापूर्वी झालेल्या अपघातानंतर उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. डॉक्टर आधी म्हणाले होते, शीर दुखावली आहे, सहा महिने लागतील. आता ते नुसतं "बघू" म्हणत.

दाराशी एक बुटका कारागीर मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. पिशवीत त्याचं स्वतःचं कात्री-वस्तऱ्याचं सामान होतं. गेल्या आठवड्यातही तो काम मागायला आला होता. सलूनवाल्याने "जागा नाही" म्हणून सांगितलं होतं. तेव्हा कारागिराने रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं होतं आणि काही न बोलता गेला होता. आज पुन्हा आला होता.

टीव्हीवर समोरच्या संघाने आणखी एक बास्केट केलं. ड्रायव्हरचा तोल सुटला.

"लंबूचं वाईट कुणाला वाटत नाही? पण मोडलेल्या माणसाची जागा अडवून ठेवायची तरी किती दिवस? बाकीच्यांनी काय मरायचं का?"

बोलून झाल्यावर त्याला समोरच्या आरशात मुलगा दिसला. त्याने जीभ चावली. मास्तरांनी कालचाच पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

"मी आपलं लंबूबद्दल म्हणत होतो," ड्रायव्हर पुटपुटला.

"खरंच आहे ते," मुलगा म्हणाला.

तो या वादात कधी पडत नसे. सगळे त्याच्याकडे वळले. टीव्हीवर लंबू दिसत होता. चांगले कपडे घालून तो राखीव खेळाडूंच्या रांगेत बसला होता आणि हरणाऱ्या संघासाठी टाळ्या वाजवत होता.

"सगळे मॅनेजरच्या धीराचं बोलतात," मुलगा म्हणाला. "रोज तिथं बसून ती आपली रिकामी जागा बघायला कसं वाटतं, ते लंबूला कुणी विचारलंय का?"

त्याने बापाकडे पाहिलं.

"मॅनेजर चुकतोय, बाबा."

"अरे, डॉक्टर म्हणालेत ना, अजून..."

"बाबा."

मुलाच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, असं सलूनवाल्याला वाटलं. ड्रायव्हरचा गाल केव्हाच साफ झाला होता, तरी तो टॉवेलने पुसत राहिला. मग दाराकडे न बघताच म्हणाला, "पिशवी ठेवा तिथं. या."

कारागीर उठला. त्याने पिशवीतून कंगवा, कात्री, वस्तरा असं सगळं काढून आरशासमोर मांडलं आणि दुसऱ्या खुर्चीमागे उभा राहिला. खुर्चीची पाठ त्याच्या हनुवटीला लागत होती. त्याने दांड्यावर पाय ठेवला आणि परत काढून घेतला.

"जरा खाली घेऊ का?" त्याने विचारलं.

"थांबा. मी घेतो."

सलूनवाल्याने खुर्चीच्या हातावरचा टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि दांडा पायाने दाबला. खुर्ची थोडी खाली आली. त्याने पाय काढला.

"अजून, बाबा," मुलगा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला.