निरोप अडवणारी गोळी

गोळी लागू पडली, तर सरांना विभागप्रमुखाची खुर्ची मिळणार होती. वृषणातल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, तेव्हाच शुक्राणू तयार होतात. सरांनी शोधलेली पुरुषांसाठीची ही गर्भनिरोधक गोळी तो निरोपच अडवायची. सहा महिने गोळी खाणाऱ्या उंदरांच्या एकाही जोडीला पिल्लू झालं नाही, तेव्हा सर इतके हुरळले, की 'दोन पोरांवर आता बास' म्हणणाऱ्या बायकोला खात्री देऊन स्वतःही गोळी घेऊ लागले.

"सर, एक विचारू?" पिंजरे साफ करणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या. "तुम्ही लावलेल्या प्रत्येक जोडीत दोन्ही नरच आहेत हो! मला वाटलं, हाच प्रयोग असेल."



अंतिम निकाल असा: उंदरांना पिल्लं शून्य, सरांना जुळी, आणि ओकाऱ्या बायकोला.