तिथलं आणि इथलं

महिन्यापूर्वी आई आणि तिचा नवा नवरा लेकीला एका थीम पार्कला घेऊन गेले होते. हे कळल्यापासून बाबा आतून धुमसत होता. आपली पाळी येताच त्याने तिला मुद्दाम दुसऱ्या, त्याहून भारी पार्कला नेलं. रात्री जेवून हॉटेलच्या खोलीत आल्यावर त्याने विचारलं,

"तिथल्या हॉटेलची खोली एवढी मोठी होती?"

"छे! पलंगही कुरकुरायचा."

बाबाचा जळफळाट जरा शमला. "आणि जेवण?"

"इथलंच मस्त. तिथले नूडल्स गारढोण होते."

"म्हणजे तिथे मजा नव्हतीच म्हणायची!"

"होती की. आई आकाशपाळण्यात बसली, घाबरून ओरडली आणि मग हसतच सुटली. बाबा, आई इतकी हसते हे मला माहीतच नव्हतं."

बाबालाही नव्हतं.