जेवणघरातली अणुभट्टी

"भट्टी जेवणाच्या टेबलाशेजारी?" काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. भट्टी तिथेच होती.

समोर प्लायवूडचं अंतराळयान ठेवलं होतं, हातभर लांब, चंदेरी रंगाचं, आतलं दिसावं म्हणून एका बाजूने उघडं. भोवती सिनेमाचा दिग्दर्शक, त्याचे दोन सहायक आणि काकांची मुलगी. यान तिनेच बनवलं होतं. कलादिग्दर्शक म्हणून हा तिचा पहिलाच मोठा सिनेमा. काका अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले अभियंते. सिनेमाला अनुदान देणाऱ्या विज्ञान संस्थेची अट होती, यानाच्या आराखड्यावर जाणकाराची सही हवी. मुलीच्या घरातच जाणकार सापडला म्हणून दिग्दर्शक खूश होता. पहिल्या दिवशी सगळे त्यांना 'सर' म्हणाले. ते फुकट काम करतात हे कळल्यावर त्यांचे 'अणुकाका' झाले.

काकांनी आखून दिलेलं यान अगदी वेगळं होतं. भट्टी एका टोकाला, माणसं दुसऱ्या टोकाला, मध्ये लांबलचक सांगाडा. किरण माणसांपर्यंत पोचू नयेत म्हणून भट्टीच्या तोंडाशी जाड ढाल. दोन्ही बाजूंना मोठाले पत्रे, कारण अणुविखंडनातून निघालेली उष्णता अंतराळात वाऱ्यावर सोडता येत नाही. तिथे वाराच नसतो. ते चित्र पाहून दिग्दर्शकाने विचारलं होतं, "हे यान आहे की कपडे वाळत घालायचा स्टँड?" मग सांगाडा गेला, कारण तो पडद्यावर मावेना. पत्रे गेले, कारण ते पोस्टरवर नायकाच्या कानांतून निघाल्यासारखे दिसत होते. आज ढालही गेली होती आणि भट्टी थेट जेवणघरात येऊन बसली होती.

"त्याचं काय आहे काका," दिग्दर्शक समजुतीच्या सुरात म्हणाला, "भट्टीचा निळा उजेड नायिकेच्या चेहऱ्यावर पडायला हवा. ती जेवता जेवता रडते."

"तो उजेड पाण्यात दिसतो. हवेत दिसला, तर बघणाऱ्याने जेवण आटपून घरी निरोप धाडावा."

सहायक हसले. एकाने तर तो संवाद म्हणून वहीत उतरवूनही घेतला.

"ढाल तेवढी परत घाला," काका म्हणाले. "बाकी सगळं सोडलं मी."

"अहो, ढाल घातली तर उजेड अडतो!"

"त्यासाठीच असते ती."

दिग्दर्शकाने घड्याळाकडे पाहिलं, मग मुलीकडे. कागद दुपारपर्यंत संस्थेत पोचला नाही तर अनुदान जाणार होतं. तसं झालं तर यान दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, असं तो तिला सकाळीच फोनवर गोड शब्दांत सांगून मोकळा झाला होता. काकांना हे ठाऊक होतं. येताना रस्ताभर ती दुसरं काही बोललीच नव्हती. इथून तिला त्यांना इस्पितळात न्यायचं होतं, दर पंधरवड्याला न्यायची तसं, त्यामुळे तिची दुहेरी घाई चालली होती.

"प्लायवूडचं यान आहे हो काका," दिग्दर्शकाने पेन त्यांच्या हातात कोंबलं. "त्यात कोण बसणार आहे?"

काकांनी पेन उघडलं. मुलीचा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी ते पुन्हा बंद केलं, कागदावर आडवं ठेवलं आणि उठले.

"नाही जमायचं," ते म्हणाले.

मुलीने त्यांना जिन्यात गाठलं. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, तीस वर्षं केंद्रात होतात तुम्ही, खऱ्या भट्टीपाशी. तिथे कधी कुणाला नाही म्हणालात? आई म्हणायची, साहेबांनी कोरा कागद पुढे केला तरी हे सही करून वर आभार मानतील. आणि आता लाकडाच्या खेळण्यापुढे बाणा दाखवताय? तोही माझ्या पोटावर पाय देऊन?"

काका कठडा धरून थांबले. दोन पायऱ्यांतच त्यांना दम लागला होता. तिचा शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं.

"एक भिंत होती," ते म्हणाले. "भट्टीकडची, काँक्रीटची. उद्घाटनाला पाहुण्यांना ऐटीत चालता यावं म्हणून बोळ रुंद करायचा होता. साहेबांनी भिंत हातभर बारीक केली. मी म्हटलं, पलीकडच्या खोलीत किरण जातील. ते म्हणाले, अडगळीची खोली आहे, तिथे कोण बसणार आहे? मी सही केली."

मुलीचा राग अजून उतरला नव्हता. "मग? बसलं का कुणी तिथे?"

"पुढच्याच वर्षी माझी बढती झाली. तीच खोली रंगवून मला केबिन म्हणून दिली," काका म्हणाले. "एकोणीस वर्षं बसलो. तक्रार करणार कुठे, आराखड्यावर सही माझीच होती."