गढूळ बाटली

नायजेरियातल्या इबादानच्या त्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या बाटलीत जो तो अँटिबायोटिक घालायचा, सूपमध्ये मीठ घालावं तसं. प्रोफेसर ओयेलारान एकदा भडकलेच. "औषधाआड तुमचे घाणेरडे हात लपतात. आठवडाभर औषध बंद! जंतू होऊन ज्याची बाटली गढूळ होईल, त्याने इथून चालतं व्हायचं."

"फादेके, सामान बांध," तिच्यासोबत शिकणारा कुनले हसला. "तुझ्या बाटलीत मक्याची पेज शिजणार बघ!"

फादेकेला हसू आलं नाही. तिच्या पीएचडीचं शेवटचं वर्ष होतं. ती रोज कोपरापर्यंत हात घासत राहिली.

आठवड्याने बाटल्या ठेवलेलं उबेचं कपाट उघडलं. सगळ्या बाटल्या नितळ. गढूळ एकच, प्रोफेसरांची.

प्रोफेसरांनी सावकाश चष्मा पुसला.



"फादेके, माझ्या बाटलीला खेटून तुझीच बाटली होती ना?"