पुतळीचं पोट

"शी कशी होते?" डॉक्टर पंचशीलाबाईंनी विचारलं.

"कडक. लई जोर करावा लागतो. मग दोन-चार दिवस न्हाईच," शांतम्मा म्हणाली.

मांडीवरच्या पिशवीतून पुतळीचं पांढरं डोकं तेवढं बाहेर होतं. डॉक्टरीणबाईंनी हात पुढं केला तशी मांजर फिस्कारली. पंजा बसला, मनगटावर रक्ताची रेघ उमटली.

"घराबाहेर काढली की बिथरती," शांतम्मा ओशाळून म्हणाली. "घरातच वाढलीय. म्हातारी हाय आता."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. जनावरांच्या दवाखान्याला नवी पाटी आली, नव्या डॉक्टरीणबाई आल्या. पाऊस मात्र आला नाही. आवारात बरगड्या निघालेल्या गाई उभ्या होत्या आणि त्यांच्या रांगेत मांजर घेऊन ही एकटीच. लोक हसत होते. शांतम्मानं तिकडं पाहिलंही नाही.

पंचशीलाबाई हसल्या नाहीत. "दूध बंद करा. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा खायला द्या. मटण उकडून, बारीक करून..."

"आमच्या घरात चालत न्हाई ते."

"मग मऊ भात, मुगाचं पाणी. तेल-तिखट नको. आणि पाणी भरपूर."

"भरपूर," शांतम्मा म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

औषधाची पुडी तिनं उलटसुलट करून पाहिली. "एवढ्यानं काय व्हायचं? जरा जास्ती द्या की."

"मांजर आहे आजी, म्हैस नाही."

सांगितलेलं सगळं शांतम्मानं नेटानं केलं. टँकर आला की कोपरानं वाट काढत पुढं जायची. भांडी राखेनं घासली, धुणं लांबवलं. वाचलेलं पाणी उकळून, गाळून वेगळ्या तांब्यात झाकून ठेवलं. मिरचीचा डबा फळीवर वर गेला. दिवसभर चुलीवर पातळ पेज असायची.

"मांजरापायी तू बी अळणी खाऊन राहिलीस का?" शेजारच्या साखराबाईनं विचारलं.

"दोन-दोन सैपाक कोण करणार?"

नांदेडहून लेक आला. शिवमूर्ती प्रत्येक फेरीला तेच बोलायचा.

"अव्वा, चल आता. तिकडं गोदावरी हाय, घरात नळ हाय. इथं काय हाय?"

"पुतळीला येष्टी सोसत न्हाई."

"मांजरापायी तहानेनं मरणार का तू?"

शांतम्मानं पुतळीला मांडीवर ओढलं. नवरा गेल्यावर भाजी विकून तिनं या दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. परक्या गावात सुनेच्या दारात बसून राहायचं तिच्या मनात नव्हतं.

"बरं, ऱ्हा," शिवमूर्ती म्हणाला. "पण तब्येत बिघडली तर इचारणार न्हाई. उचलून न्हेईन."

"बिघडली तर ने."

ती ताठ चालत स्टँडपर्यंत त्याला पोचवून आली.

पुढं ती दवाखान्यात एकटीच जाऊ लागली. मांजर पिशवीत शिरत नाही, असं सांगायची. मधे काही दिवस बरे गेले. मग खाल्लेलं तसंच उलटून पडू लागलं. बाईंनी औषध बदलून दिलं. शांतम्मानं पेज आणखी पातळ केली. हार मानायला ती तयार नव्हती.

एक दिवस ती टेबलाला धरून उभी राहिली. "शी काळी होऊन राहिली, बाई. डांबरासारखी."

पंचशीलाबाईंचा लिहिता हात थांबला. "हे आतलं रक्त असू शकतं. आता न बघता औषध देणार नाही."

"उद्या घेऊन येते तिला."

"नको. मीच येते. आत्ताच."

शांतम्मानं टेबलावरचा हात काढला. मग पदर सावरून पुढं चालू लागली.

घरात पुतळी आढ्यावर होती. आवाज ऐकताच तिनं थेट खाटेवर उडी घेतली. स्वतःच्या घरात तिनं हात लावू दिला. बाईंनी पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, पापणी खाली ओढून पाहिली. मांजर घुरघुरू लागली. बाईंनी पुन्हा पोट दाबलं.

"आजी, हिचं पोट तर मऊ आहे. हिरड्या चांगल्या गुलाबी आहेत. हिला काही म्हणजे काही झालेलं नाही."

शांतम्मानं उठून दाराला आतून कडी घातली. मांजर बाजूला सारली आणि ती स्वतः खाटेवर उताणी पडली.

"इथं दाबून बघ, पोरी," ती म्हणाली. "जरा हळू."