हॉर्नचा भरवसा

वच्छला मोहफुलं वेचायला वाकली की तिचा नवरा मनीराम रस्त्यावर मोटरसायकलीवर बसून मधूनमधून हॉर्न वाजवायचा. आवाजानं वाघ जवळ फिरकत नाही, असा साऱ्या गावाचा भरवसा. बॅटरी म्हातारी झाली होती, हॉर्नचा घसा बसत चालला होता. “नवी टाका,” ती रोज म्हणायची. “किकनं चालू होते नं? मोह संपला की टाकू,” तो टाळायचा. आज त्यानं बटण दाबलं आणि हॉर्न नुसता कण्हला. पुन्हा दाबलं, तर तेवढंही नाही. तो हाक मारणार तोच वच्छला टोपली तिथंच टाकून तणतणत रस्त्यावर आली. “मेली नं बॅटरी? मी म्हनत नव्हती?” मनीरामनं तिच्यामागं बोट दाखवलं. मोहाखाली, मागच्याच झुडपातून निघालेला वाघ तिची टोपली हुंगत होता. “कालच नवी टाकली असती,” ती पुटपुटली, “तं मी तिथीच असती.”